वैनी, वाळवण आत घ्या!

वैनी, जरा भिंतीजवळ या की. नाही, वाटी परत द्यायला नाही आले, ती उद्या देते. कुरडयांचं विचारायला आले. वास लागला का हो त्यांना? मला रात्री डोळ्याला डोळा नाही. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, चीक शिजवायचा, हात भाजत सोऱ्यातून पाडायच्या, आणि शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांच्यावर निळा धूर सोडायचा. मी तुमच्या जागी असते तर पोळपाट फेकून मारला असता. तुम्ही नुसत्या खोकलात.

काय? तळून बघितल्या? भाऊजी म्हणाले काही कळत नाही? भाऊजींचं सोडा, त्यांना आमटीत मीठ नसलेलं कळत नाही, हे तुम्हीच सांगता. दोन किलो गव्हाच्या कुरडया माझ्याकडून लागल्या तुम्हाला. पुढच्या आठवड्यात घालून देते.

पण दोष कुणाचा ते ऐका. आमचे हे सांगतात पेट्रोलचा, मी सांगते सीलचा. ऑइल सील म्हणतात त्याला. रबराची चकती, मेदूवड्याएवढी, मध्ये भोक. तेवढ्या चकतीपायी तुमचं वाळवण गेलं. थांबा, मुळापासून सांगते. गाडी आली तेव्हा तुम्ही पुण्याला लेकीच्या बाळंतपणात होता, म्हणून अर्धी कथा तुम्हाला ठाऊकच नाही.

या माणसानं आयुष्यात स्वतःच्या नावावर दुचाकी घेतली नाही. सायकल आणि केएमटी, यावर सगळी नोकरी काढली. रिटायर झाले आणि चौथ्या महिन्यात कागलला मित्राच्या शेतावर हुरड्याला गेले. तिथं गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागं, येझदी. १९७९ सालची. मित्राच्या वडिलांची. ते गेल्यापासून बावीस वर्षं कुणी हात लावलेला नाही. सीटवर कोंबडी बसलेली, अंड्यांवर. यांनी तिथल्या तिथं सौदा केला, तर मित्राची आई म्हणाली, पिल्लं बाहेर पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. एकवीस दिवस थांबले हे. माझ्या डोहाळजेवणाला एवढी वाट बघितली नव्हती.

मला सांगितलं आठ हजाराला घेतली. पासबुक मी भरून आणते हे विसरले. अठरा.

टेंपोतून उतरवली तेव्हा गल्लीतली झाडून सगळी पोरं जमली. टायर फुटलेले, आरशाच्या जागी नुसता दांडा, मडगार्डात उंदराचं घरटं. आणि आमचे हे शोधतायत किक. उजवीकडं बघतात, किक नाही. खाली वाकून बघतात, नाही. टेंपोवाला म्हणाला, "काका, किक गोठ्यातच ऱ्हायली वाटतं." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हातातली कणीक पुसली, बाहेर आले, डावीकडचा गिअरचा दांडा आत दाबला, वर फिरवला आणि उभा केला. हीच किक. येझदीत गिअर आणि किक एकाच दांड्यावर. गल्ली गप्प. एक पोरगं तेवढं म्हणालं, "काकू, नाद खुळा!"

मला कसं ठाऊक म्हणजे? मिरजेला आमच्या दादाकडं होती की! कॉलेजला असताना दादा गाडी उघडून बसला की पाने मीच द्यायची, चौदाचा, सतराचा. चालवायला मात्र कधी दिली नाही. असो, ते आता काढत नाही.

तर गाडी आली आणि घरात पुराण सुरू झालं. जेवायला बसलं की येझदी. माझं पाठ झालंय, तुम्हाला थोडक्यात सांगते. मूळ गाडी जावा. प्रागच्या यानेचेक नावाच्या माणसानं १९२९ मध्ये काढली, त्याच्या नावाच्या स्पेलिंगमधला जा आणि वांडरर कंपनीचा वा. आपल्याकडं रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना घातला, १९६१ पासून तिथं जावा बनायला लागल्या. पुढं १९७३ मध्ये त्याच गाडीला येझदी नाव दिलं. इराणात याझ्द म्हणून शहर आहे, आपल्याकडचे बरेच इराणी मूळचे तिकडचे, त्यावरून. म्हणजे बघा, गाडी प्रागची, नाव इराणचं, जन्म म्हैसूरचा आणि मुक्काम कागलच्या गोठ्यात. मग १९८५ मध्ये चार स्ट्रोकची हिरो होंडा आली, थोड्या पेट्रोलात लांब जाणारी. त्याच साली यामाहाची आरएक्स हंड्रेड आली, ती दोन स्ट्रोकचीच, पण हलकी आणि वाऱ्यासारखी. मधल्या मध्ये येझदी अडकली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद. आता ते नाव घेऊन पुन्हा गाड्या निघाल्यात, त्या चार स्ट्रोकच्या. त्यांचं नाव काढलं की आमचे हे सुनेच्या माहेरच्यांबद्दल बोलावं तसं तोंड करतात.

हं, तर मुद्दा. नव्यानं गाडी घेणारा माणूस पहिली चूक कुठली करतो? रंगाची. मी सांगत होते, अहो, आधी इंजिन फिरतंय का बघा. नाही. यांना पूर्वीसारखी चेरी रंगाची, चकचकीत, पट्टे मारलेली गाडी दारात बघायची होती. टाकी, मडगार्ड, बाजूचे डबे, सगळं रंगाला. चाकांच्या रिमा, हँडल, दोन्ही सायलेन्सर क्रोमला. सोळा हजार. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हे येझदीचं आणखी एक कौतुक. लोकांना वाटतं दोन सिलिंडरची गाडी आहे. दीड महिन्यानं सगळं परत आलं, घातलं अंगावर. दिसत होती हो नवरीसारखी, खोटं कशाला बोलू? पण किक मारायला गेले तर दांडा दगडासारखा. पिस्टन आत गंजून चिकटलेला.

मग कुणीतरी सांगितलं प्लगच्या भोकातून डिझेल सोडा. रोज पूजा झाली की वाटीभर डिझेल, नैवेद्यासारखं. आठव्या दिवशी दांडा इंचभर खाली गेला, तर यांनी मला पुरणपोळी करायला लावली.

तेवढ्यात लक्षात आलं की टाकीला बाहेरून रंग दिलाय, आत कुणी डोकावलंच नाही. बॅटरी मारून बघितलं तर आत नुसता गंज, भाजणी सांडल्यासारखा. तो पेट्रोलबरोबर खाली येऊन कार्बोरेटरच्या जेटात बसणार. गंजावर उपाय व्हिनेगर. किराणा दुकानातून वीस बाटल्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "काका, चायनीजचा गाडा टाकताय काय?" आत मूठभर नट-बोल्ट आणि व्हिनेगर, आणि हे परसात टाकी छातीशी धरून हलवतायत, तान्ह्या बाळाला जोजवावं तशी. दोन दिवस भिजवलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, गंज सगळा निघाला. आणि निघाला तर काय? तळाला तीन भोकं. गंजानंच ती भोकं बुजवून धरली होती! आता भोकं बुजवायला पितळेची झाळ द्यायची, झाळ द्यायची म्हणजे आगीचं काम, आगीचं काम म्हणजे आधी पेट्रोलचा वास जाईतो टाकी धुऊन पाण्यानं भरून ठेवायची, आणि झाळ देताना वरचा नवा रंग करपणार. करपला. पुन्हा रंगाला. वैनी, या एका गोष्टीवर आमच्यात चार दिवस अबोला होता.

आणि गंज पुन्हा येणारच, टाकी कोरडी ठेवली नाही तर. आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनी रबरं फुगवतं. यांच्या पेट्रोल कॉकातला वायसर फुगून वाटाण्यासारखा झाला होता. तक्रार तरी कुणाकडं करायची? आपल्याच जिल्ह्यातला ऊस!

मग शेवटी इंजिन उतरवलं. नव्या रंगाच्या फ्रेमवर चार ओरखडे, ते मी मोजले, बोलले नाही. शिवाजी उद्यमनगरात एक चाचा आहेत, सत्तरीचे. कोल्हापुरात लेथची, बोअरची, ओतकामाची कसली कसली कामं होतात ते तुम्हाला सांगायला नको. चाचांनी इंजिन उघडलं, कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली केला. टक् असा आवाज. "साहेब, हाफ नाही, फुल इंजिन." म्हणजे क्रँक प्रेसवर उघडायची, नवा रॉड, नवी बेअरिंगं, सिलिंडर बोअर करून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन. यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, रंग दोनदा झालाय, आता कसली लाज बाळगता?

मी पण जायची हो त्यांच्याबरोबर, यांना नुसतं पाठवलं की होय होय करून येतात. चाचांनी मला ते दोन स्ट्रोकचं जे सांगितलं ते मात्र डोक्यात पक्कं बसलं. चार स्ट्रोकच्या गाडीत खाली ऑइल साठवलेलं असतं, ते इंजिनात फिरत राहतं. यात तसं काही नाही. क्रँकखालची जागा म्हणजे लोहाराचा भाता. पिस्टन वर गेला की भाता हवा आणि पेट्रोल ओढणार, खाली आला की वर ढकलणार. वंगण हवं तर पेट्रोलातच ऑइल मिसळायचं, तेच जाता जाता क्रँकला, पिस्टनला चोपडलं जातं आणि शेवटी जळून धूर होऊन जातं. म्हणून या गाड्या धूर सोडतात, आणि म्हणूनच त्या बंद पडत गेल्या. आता भात्याचं चामडं फाटलं तर? क्रँकच्या दोन टोकांना दोन सील, तेच ते चामडं. उजव्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरणार, पेट्रोल आणि त्याबरोबरचं ऑइल कमी पडणार, गाडी तापून पिस्टन जाम होणार. डावीकडचं गेलं तर तिकडं प्रायमरी चेन आणि क्लच तेलात बुडालेले, ते गिअरचं तेल भाता आत ओढणार आणि जाळणार. मग धूर विचारू नका.

चाचांनी सांगितलं, सील ताजी आणा. आमच्या ह्यांनी एका जुन्या दुकानात बंद पाकिटातली आणली, ओरिजिनल म्हणून दीडपट पैसे देऊन. पाकीट नवं, पण रबर किती वर्षं फळीवर पडून कडक झालेलं देव जाणे. चाचांनी नखानं दाबून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. यांनी ऐकलं नाही. ओरिजिनल या शब्दापुढं यांचं डोकं चालत नाही.

पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस आठवतोय? तुम्ही नुकत्या परत आला होता. पाडव्याच्या आधीचा रविवार. डायनॅमोची गाडी, सहा व्होल्टची बॅटरी, ती चार्ज नसेल तर ठिणगीच नाही. पॉइंट साफ केले, ०.४ मिलिमीटरचं अंतर ठेवलं. पेट्रोलात ऑइल, लिटरला चाळीस मिली, म्हणजे पंचवीसास एक. ते मोजायला नातवाची दुधाची बाटली नेली! तीवर मिलीचे आकडे असतात म्हणे. सुनेला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, मी नवी आणून ठेवलीय. अकराव्या किकला पेटली. डुग-डुग-डुग, वैनी, मी ओट्याशी होते, अंगावर काटा आला. चाळीस वर्षांनी तो आवाज. दादा दारात आला असं वाटलं.

आणि मग ती आपली आपणच वाढायला लागली. यांनी रेस सोडली तरी आवाज चढतोय, चढतोय, गाडी स्टँडवर थरथरायला लागली, पोरं पळाली. हे हँडल धरून पुतळ्यासारखे उभे. मी ओरडले, "चावी काढा!" खिळ्यासारखी चावी ती, ओढली तेव्हा थांबली. उजवं सील. हवा खात होती. चाचांनी तेच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी यांनी गुपचूप जाऊन साधं, पण ताजं सील आणून उजवीकडं बसवलं. आणि डावीकडचं? "ते ठीक आहे, चालतंय की." हे यांचं वाक्य. डावीकडचं बदलायचं म्हणजे झाकण, क्लच, चेन सगळं उतरवायला लागतं, म्हणून कंटाळा, दुसरं काही नाही.

मधल्या काळात कागदपत्रं. मालक वारलेला, नंबर एमएच नऊच्या आधीचा, तीन अक्षरांचा, पंधरा वर्षांची मुदत कधीच संपलेली. वारसांच्या सह्या, तपासणी, पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी २०२१ पासून मिळते, त्यात व्हीए अशी अक्षरं येतात, पण आमची १९७९ ची, म्हणजे २०२९ पर्यंत थांबायचं. मी म्हटलं तोवर तुम्हालाच व्हिंटेजची नोंदणी करून घेऊ.

गेल्या रविवारी पन्हाळ्याला गेलो. हो, मागं बसून, नऊवारी नाही, ड्रेस घालून. तुम्ही गॅलरीत होता, बघितलं मी. वाघबीळ चढून वर जाईपर्यंत काय चालली म्हणून सांगू! गिअर टाकताना यांचा क्लच विसरतो, पण या गाडीत दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळं निभावलं. नव्या माणसासाठीच बनवलीय जणू. उतरताना मात्र मी खांद्यावर थाप मारत होते. उतारावर रेस बंद करून गाडी सोडली की पेट्रोल नाही, पेट्रोल नाही म्हणजे ऑइल नाही, आणि इंजिन तर फिरतंय. म्हणून मधून मधून रेस द्यायची. हे दादानं मला मिरजेत, गाडीला हातही लावू न देता, सांगितलं होतं. आमचे हे म्हणाले, "तुला एवढं ठाऊक होतं तर आधी का नाही सांगितलंस?" विचारलंत कधी?

तिथंच झुणका-भाकर खाताना म्हणाले, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगाव जमतात, आपण पुण्याला जाऊ. मी म्हटलं आधी घरी पोचू. परत येईपर्यंत आरशात मागचा रस्ता दिसेना. निळा धूर. घरी येऊन गिअरचं तेल बघितलं तर निम्मं गायब. ते जळत होतं. डावं सील, वैनी! त्यात यांनी मायेपोटी पेट्रोलातलं ऑइलही चाळीसचं साठ मिली केलेलं, नव्या पिस्टनला कमी पडू नये म्हणून. आणि एवढं होऊन परवा सकाळी, तुमच्या कुरडया बाजेवर, वारं तुमच्या अंगाला, तेव्हा यांनी "जरा बघतो" म्हणून दहा मिनिटं चालू ठेवली.

काल चाचांकडून ताजं सील आणलं. रात्री साडेदहापर्यंत दोघं बसलो होतो. यांच्या हाताला क्लचचा नट सुटेना, तो मी सोडवला. आत्ता सगळं बंद केलंय, तेल भरलंय. पहिली किक मी मारणार असं ठरलंय, हे कुणाला सांगू नका.

उद्या सकाळी साडेसातला सुरू करणार आहे. जुनं तेल सायलेन्सरात साचलेलं आहे, ते जळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं धूर येणारच. तेवढा वेळ तुमच्या उरलेल्या कुरडया आणि भाऊजींचे पांढरे शर्ट गच्चीवर, पलीकडच्या अंगाला घाला. आणि वाटी आठवणीनं मागा, मी विसरेन.